आण्णांच्या पेसमेकरचं मॉनिटर अन् प्रोग्रॅमर, दीड वर्ष वापरून

आण्णांना पेसमेकर बसवून दीड वर्ष झालं. मी लिहायलोय ते बाहेरच्या दोन वस्तूंबद्दल, घरी दिलेलं मॉनिटर अन् दवाखान्यातला प्रोग्रॅमर (पेसमेकरची सेटिंग बदलायचं मशीन), कारण पैसे भरताना ह्या दोन्हीबद्दल कुणी धड सांगत नाही. कंपनीचं अन् दवाखान्याचं नाव मुद्दाम टाकत नाही.

मॉनिटर म्हणजे राउटरएवढा डबा. उशाशी ठेवायचा, लाईट पाहिजे अन् मोबाईलची रेंज पाहिजे. रात्री आण्णा झोपले की तो आपोआप पेसमेकरमधली माहिती वाचतो, बॅटरी किती, पेसमेकरपासून हृदयात गेलेली तार नीट आहे का, ठोके कधी बिघडले, अन् डॉक्टरकडं पाठवून देतो. आपल्याला दिसतो फक्त हिरवा दिवा. आता गंमत अशी की आमचं गाव केज तालुक्यात, उन्हाळ्यात आण्णा बाज अंगणात टाकून झोपणार अन् डबा आत कपाटाजवळ, त्यावर आईनं क्रोशाचा रुमाल घातलेला! दवाखान्यातून फोन आला, पंधरा दिवस झाले काहीच येईना. दोन-तीन मीटरच्या पुढं त्याला काही कळत नाही हे कागदावर लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. अजून एक, हे चोवीस तास कुणी बघत बसत नाही, छातीत दुखलं तर डब्याकडं न बघता सरळ दवाखाना गाठायचा.

प्रोग्रॅमर मात्र मला लई आवडला. लॅपटॉपसारखं मशीन, काही कंपन्यांचं आता टॅबलेटवर आलंय. मशीनला वायरनं जोडलेली तबकडी छातीवर धरली की आतलं सगळं स्क्रीनवर. आण्णांची तक्रार एकच होती, ट्रॅक्टरवर बसलं की धडधड, अन् एसटी खड्ड्यातून गेली तर विचारूच नका. आम्हाला वाटलं मशीनच खराब. टेक्निशियननं ठोक्यांचा आलेख बघितला अन् हसला. पेसमेकरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, माणूस भरभर चालला की ठोके वाढवतो, तर ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी त्याला वाटायचं बाबा पळायलेत. सेन्सरची सेटिंग कमी केली, दहा मिनिटांत काम झालं. त्याच बैठकीत पेसमेकर हृदयाला देतो त्या विजेचे व्होल्ट 3.5 वरून 2.5 वर आणले, सुरुवातीला तार मुरेपर्यंत जास्त ठेवतात म्हणे, आता बॅटरी जास्त टिकेल. तपासताना क्षणभर आण्णांना गरगरल्यासारखं झालं, ते आधी सांगायला पाहिजे होतं.

आता खरी अडचण. घरचं मॉनिटर नुसतं वाचतं, आत काही बदलू शकत नाही, बदलायचं तर प्रोग्रॅमरच पाहिजे. 2017 ला अमेरिकेत सेंट ज्यूडच्या (तेव्हा अ‍ॅबटकडं आलेली कंपनी) 4,65,000 पेसमेकरना हॅकिंगच्या भीतीनं सॉफ्टवेअर अपडेट द्यायचं ठरलं, काम तीन मिनिटांचं, तरी पेशंटला दवाखान्यात जावंच लागलं. अन् मेडट्रॉनिक असो, अ‍ॅबट असो, बोस्टन सायंटिफिक असो का बायोट्रॉनिक, एकाचा प्रोग्रॅमर दुसऱ्याचा पेसमेकर वाचत नाही. आम्हाला जवळच प्रोग्रॅमर सापडला होता, पण कंपनी वेगळी! मग काय, दरवेळी छत्रपती संभाजीनगर, पहाटेची एसटी, एक दिवसाची मजुरी बुडते अन् त्यात एकदा टेक्निशियनच आला नाही, दुपारी तीनला कळवलं. आण्णा म्हणले, "ह्यापरीस आपला बैल बरा, गावातच डॉक्टर येतो."

म्हणून पेसमेकर बसवायच्या आधीच विचारा की ह्या कंपनीचा प्रोग्रॅमर अन् माणूस सगळ्यात जवळ कुठं अन् कोणत्या वारी असतो, अन् पेसमेकरचं कार्ड पाकिटात ठेवा, त्यावर कंपनी अन् मॉडेल नंबर असतो, नाहीतर परक्या दवाखान्यात अर्धा तास तिथंच जातो.

प्रोग्रॅमरला 5 पैकी 4, मॉनिटरला 3, टेक्निशियनच्या वेळेला 1. बाज आता ओसरीत आणलीय, डबा खिडकीत ठेवलाय, दिवा हिरवा आहे.