लूज कॅट फूड घेऊन राहिले असाल तर आधी हे वाचा

मी नागपूरच्या त्रिमूर्ती नगरला राहते, घरी एक बोका आहे, भुऱ्या, दीड वर्षाचा, नसबंदी झालेला अन् खाण्याच्या बाबतीत नवरदेवासारखा नखरेल. त्याचं एक किलोचं सीलबंद पाकीट मला साडेचारशेच्या आसपास पडायचं. मार्चमध्ये घराजवळच्या एका पेट शॉपवाल्यानं (नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको) सांगितलं की मॅडम कंपनीची मोठी बॅग फोडून आम्ही लूज देतो, माल तोच, फक्त डब्बा-पॅकिंगचे पैसे वाचतात, २८० रुपये किलो. मला वाटलं बरं झालं, इतवारीत डाळ-तांदूळ आपण सुटंच घेतो की, मग हे काहून नाही?

आता खरी गंमत ऐका, पहिल्या महिन्यात माल खरंच तोच होता. तेच छोटे तिकोनी दाणे, तोच वास, भुऱ्या ताटली चाटूनपुसून साफ करायचा. त्यामुळे माझा विश्वास बसला अन् मी बघणंच सोडलं. एप्रिलपासून पुडीत तिकोनी दाण्यांसोबत अधिकच्या चिन्हासारखे जाडे दाणे दिसायला लागले. विचारलं तर म्हणे "नवीन लॉट आहे, कंपनीनं शेप बदलला." मी मान डोलावून घरी. मे महिन्यात पुडी उघडली की दिवाळीनंतर महिनाभर डब्याच्या तळाशी पडलेल्या चिवड्यासारखा खवट वास यायचा, खाली अर्धी वाटी नुसता भुगा. भुऱ्या वास घेऊन मागे सरायचा अन् मी त्यालाच ओरडायची की माजला आहेस तू!

मग त्याला जुलाब लागले, दोनदा उलटी झाली. अंगावरचा केस तुपट चकचकीत होता तो झाडूसारखा रुक्ष झाला, वजन पण उतरलं. आईचं सुरूच, "आमच्या वेळी मांजरी दूध-पोळीवर जगायच्या." हो गं आई, पण त्या दिवसभर उंदीर, पाली, चिमण्या पण खायच्या ना, ते कोणी मोजलं? अन् मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरींना दूध पचतच नाही, त्यानंच जुलाब होतात.

डॉक्टरांकडे नेलं तर पहिलाच प्रश्न, पाकिटाचा फोटो दाखवा. माझ्याजवळ काय, पारदर्शक पुडी अन् त्यावर स्केचपेननं लिहिलेलं २८०. ना घटक, ना बॅच नंबर, ना तारीख. डॉक्टर म्हणाले मग मी काय सांगू, कशानं झालं ते! त्यांनी छाती तपासली, डोळ्यात टॉर्च मारून बघितलं, लघवी नीट होऊन राहिली का ते दोनदा विचारलं. बोका लघवीला बसतो पण थेंब निघत नाही असं दिसलं तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी आणा, जीव जातो म्हणाले. नशीब, यातलं काही निघालं नाही.

उलगडा झाला तो शेजारच्या काकूंमुळे. त्या भुऱ्याला बघायला आल्या, ताटलीतला एक अधिकवाला दाणा उचलला अन् म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या टायगरचं आहे." त्यांच्याकडून त्यांच्या कुत्र्याच्या फूडची बॅग आणली, दाणे शेजारी शेजारी ठेवले. डिट्टो तेच. मी दहा मिनिटं नुसती बघत बसली.

तुम्ही म्हणाल कुत्र्याचं खाल्लं तर काय बिघडलं, एखाद दिवशी खाल्लं तर काही नाही. पण रोज म्हणजे गडबड आहे. मांजर पक्की मांसाहारी, तिला टॉरिन नावाचं एक द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, कुत्रा ते बहुतेक करून स्वतःच्या शरीरात बनवतो म्हणून त्याच्या फूडमध्ये ते असेलच असं नाही. टॉरिन महिनोन्महिने कमी पडलं तर मांजरीच्या डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाचं हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, तेव्हा तर नावाजलेल्या कंपन्यांच्या फूडमध्येसुद्धा ते कमी पडत होतं अन् नंतर त्यांनी वाढवलं. प्रोटीनचं पण तसंच, अमेरिकेत जनावरांच्या खाद्याचे निकष ठरवणाऱ्या आफ्को या संस्थेच्या हिशेबात (पाणी वगळून) वाढ झालेल्या कुत्र्याला किमान १८ टक्के, वाढ झालेल्या मांजरीला २६ अन् मांजरीच्या पिल्लांना ३०. व्हिटॅमिन ए पण मांजर गाजर-भोपळ्यातून बनवू शकत नाही, म्हणून पाकिटावर भाज्यांचे फोटो पाहून खूश होऊ नका बाप्पा.

दुकानात गेली तर पठ्ठ्या म्हणतो, "मॅडम, जनावरच आहे ना, काय फरक पडते?" मागे टिनाच्या शेडमध्ये तोंड उघडं असलेलं पोतं पडलं होतं, नागपूरचा मे, बाहेर ४४-४५ डिग्री, फूडमधली चरबी खवट नाही होणार तर काय होणार. मी आवाज चढवला तेव्हा शेवटच्या पुडीचे २८० परत केले, आधीच्या चार पुड्यांचं नाव नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचं मनात होतं, पण बिल कुठे आहे? प्रत्येक वेळी "बिल लागते का मॅडम" असं तो हसून विचारायचा अन् मीच नाही म्हणायची.

आता मी सीलबंदच घेते अन् पाकीट संपेपर्यंत फेकत नाही. एमआरपी, बनवल्याची अन् संपायची तारीख, बाहेरून आलेलं असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता, हे सगळं बघते, तारखेवर स्टिकर चिकटवलेलं असेल तर नखानं खरवडून बघते, दुकानदार बघो नाहीतर न बघो. घटकांत जो जास्त तो आधी लिहिलेला असतो, मका पहिला अन् चिकन पाचवं असेल तर परत ठेवते. 'कम्प्लीट' (रोजचं पूर्ण जेवण) लिहिलंय की 'कॉम्प्लिमेंटरी' (जेवणासोबतचं वरचं) हेही बघा, ते चाटायचे क्रीमवाले पाऊच बहुतेक दुसऱ्या प्रकारातले असतात, त्यावर पोट भरायचं नाही.

भुऱ्याला नवीन फूड आठ-दहा दिवस थोडं थोडं मिसळून सुरू केलं, आता बरा आहे, परत नखरे करून राहिला. काकू मात्र काल त्या दुकानावरून आल्या अन् सांगत होत्या, पुड्या अजून तशाच टांगलेल्या आहेत, फक्त आता काहींवर स्केचपेननं 'किटन' लिहिलंय अन् भाव ३२०.