हरणासाठी जुनी मिलिटरी रायफल घेताय? माझे साडेसहाशे डॉलर कसे गेले ते वाचा

पेनसिल्व्हेनियात आपली बरीच मराठी पोरं हल्ली ऑफिसातल्या मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जायला लागलीत, त्यांच्यासाठी लिहितोय. (भारतात शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, तिकडच्यांनी नुसतं वाचा.)

गन शोमध्ये एका म्हाताऱ्याच्या टेबलावर मोसिन, माउजर वगैरे जुन्या मिलिटरी रायफली मांडलेल्या आणि मधे एक आखूडशी ली-एनफिल्ड, तोंडाला नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर, म्हणजे गोळी सुटतानाचा जाळ झाकणारा तुकडा. आपण लहानपणापासून पोलिसांच्या खांद्यावर थ्री नॉट थ्री बघत आलेलो, त्यामुळे नजर तिथेच गेली. त्याने विचारलं कुठला, मी म्हटलं इंडिया, आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. झालं, तिथून त्याने जी टेप लावली ती थांबेचना, ही १९४४ ची ओरिजिनल नंबर फाइव्ह जंगल कार्बाइन, तुझ्या आजोबांच्या फौजेसाठीच बनवलेली, बोल्टचा (मागून चेंबर बंद करणाऱ्या दांड्याचा) नंबर बॉडीशी मॅचिंग बघ, आणि नंतर एका शिकाऱ्याने बॅरल बदलून थ्री-ओ-एट करून घेतलीय म्हणजे गोळ्या कुठल्याही दुकानात मिळतील. वर एक डबा मिलिटरी गोळ्या फुकट. साडेसहाशे कॅश, पावती नाही.

रेंजवर पन्नास यार्डांवरून सुद्धा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत कुठेही लागत होत्या, आणि उडालेल्या केसेसच्या बुडाशी एक चकचकीत रिंग दिसायला लागली. ती रिंग म्हणजे पितळ तिथे ताणलं जातंय, अजून ताणलं की केस चेंबरमध्येच तुटते आणि गरम गॅस मागे तोंडावर येऊ शकतो. रायफल पॅक केली आणि गनस्मिथकडे नेली.

गनस्मिथने हातात घ्यायच्या आधीच मान हलवली. म्हणाला खऱ्या नंबर फाइव्हची नेम धरायची मागची साइट रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट बसतो त्या बॉडीवर असते, डोळ्याजवळ, भोकाची. हिची पुढे बॅरलवर आहे, म्हणजे बॉडीच वेगळी. खरीमध्ये वजन कमी करायला रिसीव्हर आणि बॅरल जागोजागी तासलेले असतात, हिच्यात एक पण कट नाही. खरीचा फ्लॅश हायडर आडव्या पिनांनी बसवलेला आणि त्याला बायोनेटची खुंटी असते, हिचा स्क्रूने आवळलेला, खुंटी गायब. मग बॉडीच्या मानेवरचा, लाकडी दस्त्याला लागून असलेल्या भागावरचा काळा पेंट सॉल्व्हंटने पुसला तर खालून अशोकस्तंभाचे सिंह, आर.एफ.आय. आणि १९६७! म्हणजे आपल्या बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं टू-ए-वन मॉडेल. ही रायफल जन्मापासूनच ७.६२ नाटोची (थ्री-ओ-एटची मिलिटरी बहीण), कोणी बॅरल बदललेलं नाही, आणि ती गोळी नाटोने घेतली १९५४ मध्ये, मग दुसऱ्या महायुद्धाशी संबंध काय? अमेरिकेत आलेल्या अशा इशापूर रायफली कापून, हायडर लावून कार्बाइन म्हणून विकल्या गेल्यात. कार्बाइनसारखी दिसणारी म्हणून विकली तर तक्रार नाही, १९४४ ची म्हणून विकणं ही चोरी.

आणि मॅचिंग नंबर? बोल्टवरचे आकडे नवीन पंच केलेले, कडा अजून चमकत होत्या. बोल्ट दुसऱ्याच रायफलचा. नो-गो गेज, म्हणजे चेंबर तपासायचं माप, टाकल्यावर बोल्ट बंद व्हायला नको, तो आरामात बंद झाला, म्हणजे हेडस्पेस (बोल्ट आणि चेंबरमधलं गोळीसाठीचं अंतर) बाद. इतिहास खोटा निघाला असता तर मी चरफडून गप्प बसलो असतो, पण नंबर ठोकून दुसरा बोल्ट लपवणं म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांशी खेळ आहे. फुकटच्या गोळ्या पण फुल मेटल जॅकेट, ज्या इथे हरणाला चालतच नाहीत, पेनसिल्व्हेनियात लागल्यावर पसरणारीच गोळी पाहिजे.

फोन केला तर म्हातारा म्हणतो बघून घेतलीस ना, ॲज इज, आहे तशी. नंतर ब्लॉक. शोवाले म्हणाले तो प्रायव्हेट सेलर, आमचा संबंध नाही. इथे एकाच स्टेटमधल्या दोन माणसांत रायफलची विक्री डीलरशिवाय कायदेशीर आहे, म्हणून ही मंडळी असली टेबलं लावतात, मागे कागदच राहत नाही. तुम्ही हट्टच धरा की व्यवहार लायसन्सवाल्या डीलरकडून करू, थोडी फी जाते पण ज्याला लपवायचंय तो तिथेच पळतो. एच-वन व्हिसावाल्यांनी जास्त जपा, व्हॅलिड हंटिंग लायसन्स नसेल तर बंदूक जवळ ठेवणं फेडरल कायद्यात बसत नाही, तेव्हा असल्या कॅश व्यवहाराच्या वाटेला जाऊच नका.

सरप्लस, म्हणजे फौजेने काढून टाकलेली रायफल, वाईट असं मी म्हणणार नाही. साधारण २०१० च्या आसपास मोसिन शंभर डॉलरच्या आत मिळायची आणि चांगल्या नळीची असेल तर हरणाला भरपूर झाली. थ्री नॉट थ्री पण भरपूर. पण आता किमती चढल्यात, नवी साधी बोल्ट ॲक्शन थ्री-ओ-एट किंवा टू-सेव्हंटी जवळपास त्याच पैशात येते, वॉरंटीसकट, आणि स्कोप बसवायला भोकं तयार. तरी जुनीच पाहिजे असेल तर न कापलेली, मूळ लाकडातली घ्या. कोणीतरी 'शिकारीसाठी सुधारून' ठेवलेली दिसली की आधी नळीचं तोंड बघा, बॅरल कापून क्राउन (तोंडाची कड) नीट केला नसेल तर माझ्यासारखंच होतं, गोळ्या कुठेही लागतात. नळीत लाइट टाकून खड्डे बघा, जुन्या गोळ्यांच्या प्रायमरमधल्या क्षाराने त्या गंजतात. आणि गेज लावू देत नसेल तर निघा.

मी शेवटी दुकानातून नवी बोल्ट ॲक्शन घेतली. इशापूरवाली बोल्ट काढून कपाटात पडलीय. गनस्मिथ पार्ट्सचे दीडशे देतोय, बायको म्हणते दे आणि मोकळा हो, पण ते सिंह बघितले की देववत नाही.