डाळमिलच्या कार्डासाठी कोणता स्वस्त एफपीजीए?

लातूरकडच्या डाळमिलांमधल्या कलर सॉर्टरसाठी, म्हणजे रंग बघून खराब दाणे हवेच्या झोताने बाजूला काढणाऱ्या यंत्रासाठी, मी व्हॉल्व्ह-कार्डं बनवतो. कॅमेऱ्याला डागी दाणा दिसला की ठरलेल्या उशिराने त्याच चॅनेलचा हवेचा व्हॉल्व्ह उघडला पाहिजे, आणि असे कितीतरी चॅनेल एकदम चालतात. म्हणून एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं ठरवता येणारी चिप, लागतोच. प्रश्न एवढाच की कुठला.

ताकदीने बघाल तर स्पार्टन-७ पुढे आहे. दाण्याचा रंग ओळखायचं कामही त्याच चिपवर टाकायचं असेल तर बिनधास्त तोच घ्या. पण तो फक्त बीजीए पॅकेजात (बाहेर पाय नाहीत, पोटाखाली सोल्डरचे गोळे) येतो, आणि माझं तिथेच अडलं. व्हॉल्व्हच्या कॉइलमधून उलटा झटका येतो. डायोड लावले, मध्ये बफर टाकला, तरी कधीतरी एखादी पिन जातेच. आणि जाते ती तुरीच्या हंगामात, मिल रात्रंदिवस चालू असताना. बीजीए बदलायचा म्हणजे रीवर्क स्टेशन (गरम हवेने चिप काढायचं-बसवायचं यंत्र) हवं, सराईत हात हवा. त्यासाठी कार्ड पुण्याला पाठवून वाट बघायची. तोवर मिलमालक रोज फोन करतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

मॅक्स-१० पायांच्या पॅकेजात मिळतो, डिझाइन साठवणारी फ्लॅश मेमरी आतच असते, एकाच ३.३ व्होल्टवर चालणारा प्रकारही आहे. फक्त पोटाखाली ग्राउंडचा पॅड असतो, नुसत्या सोल्डरिंग आयर्नने तो नीट बसत नाही. गोविनचा टँग नॅनो ९के बोर्ड शिकायला उत्तम, ८६४० एलयूटी (लॉजिक बनवायचे छोटे ब्लॉक) त्या भावात दुसरीकडे मिळणं अवघड. त्यावरची चिप मात्र क्यूएफएन (बाहेर पाय नसलेलं पॅकेज), म्हणजे पुन्हा हॉट एअर.

मी वापरतो तो लॅटिसचा आइस४० एचएक्स४के, टीक्यूएफपी-१४४ मध्ये, म्हणजे चारी बाजूंनी मिळून १४४ पाय बाहेर असलेल्या पॅकेजात. गुणाकाराचे ब्लॉक नाहीत, १.२ व्होल्टचा वेगळा सप्लाय द्यावा लागतो. तुमच्या डिझाइनला हे जड जाऊ शकतं, माझ्या उशीर मोजण्याच्या कामाला जात नाही. योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही डिझाइन चिपसाठी तयार करणारी सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवरही सुखाने चालतात. पाय अर्ध्या मिलिमीटरवर; फ्लक्स, भिंग आणि स्थिर हात असला की मिलच्या ऑफिसात बसूनही चिप बदलता येते. कॉन्फिगरेशनची फ्लॅश बाहेर असते, हा बरेच जण तोटा धरतात. मला तो फायदाच वाटतो: जळालेली चिप काढून कोरी बसवली की डिझाइन फ्लॅशमधून आपोआप चढतं, लॅपटॉप जोडायचीही गरज नाही.