बोट ओढायला विजेचा पिकअप घ्यावा की डिझेलचा?

ट्रेलरवर बोट आहे, ती ओढायला नवा पिकअप घ्यायचा आहे, आणि विजेचा की डिझेलचा यावर घोडं अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो: विजेची गाडी बोट उतारावरून वर खेचेल का? खेचेल, आणि आरामात. हिशेब करून बघा. गाडी तीन टन, बोट आणि ट्रेलर मिळून तीन टन. रॅम्पचा, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उताराचा, चढ साधारण 12 ते 15 टक्के असतो, म्हणजे 20 मीटर वर यायचं तर उंची फार तर तीन मीटर. सहा टन तीन मीटर उचलायला 0.05 युनिट वीज लागते. वाया जाणारी धरून दुप्पट करा, तरी 130 युनिटांच्या बॅटरीला त्याचा पत्ताही लागत नाही. खरा निकाल लागतो तो घर ते पाणी या रस्त्यावर.

तरी आधी रॅम्पचंच बोलतो, कारण तिथे विजेची गाडी निर्विवाद उजवी आहे. मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, देते. मॅन्युअल डिझेल गाडीत शेवाळलेल्या उतारावर अर्ध्या क्लचवर बोट तोलताना जळका वास यायला वेळ लागत नाही. ऑटोमॅटिकमध्ये तोच ताण गिअरबॉक्सचं तेल तापवतो. विजेच्या गाडीत पॅडल किंचित दाबलं की गाडी वीतभर सरकते, सोडलं की थांबते. सायलेन्सर पाण्याखाली जाण्याची धास्ती नाही. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की इंजिनाची घरघर नसल्यामुळे मागे पाण्यात उभ्या असलेल्या माणसाची ‘थांब!’ ही हाक स्पष्ट ऐकू येते. फक्त ओल्या शेवाळावर हाच टॉर्क चाकं जागच्या जागी फिरवू शकतो. म्हणून निसरड्या रस्त्याचा मोड लावा आणि पाय हलका ठेवा.

एक गोष्ट मात्र घेण्याआधीच तपासा. दार उघडून, मागे वाकून बघत ट्रेलर उतरवायची सवय असेल, तर काही विजेच्या गाड्या दार उघडताच स्वतःहून पार्क गिअरमध्ये जातात आणि जागीच अडतात. ऐन रॅम्पवर, मागे रांग लागलेली असताना हे कळू नये.

दुसरी गोष्ट ब्रेकची. बोटीच्या ट्रेलरला बरेचदा सर्ज ब्रेक असतात: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. विजेच्या गाडीत पॅडल सोडल्यावर मोटर जो वेग मोडते, त्यानेही ते लागतात. म्हणजे बॅटरीत परत येऊ शकणारी थोडी ऊर्जा ट्रेलरच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. सपाट रस्त्यावर पॅडल एकदम न सोडता हळूहळू सोडलंत तर फरक पडतो.

आता रस्ता. मोठ्या बॅटरीच्या फोर्ड एफ-150 लाइटनिंग या विजेच्या पिकअपची ओढण्याची कमाल मर्यादा 10,000 पौंड, म्हणजे साधारण 4,500 किलो. रिव्हियन कंपनीच्या आर1टी या विजेच्या पिकअपची 11,000 पौंड. या आकड्यांवर भाळू नका. किती वजन ओढता येतं आणि ते ओढत किती लांब जाता येतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाइटनिंगची बॅटरी 131 युनिटांची आणि तिची अमेरिकेतली अधिकृत रेंज 320 मैल, म्हणजे 515 किलोमीटर. मागे मोठी बोट लागली की त्यातली साधारण निम्मी उरते, थंडीत आणखी कमी. वाटेतल्या चार्जरवर सहसा 80 टक्क्यांच्या पुढे कोणी थांबत नाही, कारण तिथून चार्जिंग फार मंदावतं. म्हणजे 80 ते 10 टक्के या पट्ट्यात हाती राहतात जेमतेम 180 किलोमीटर.

हायवेवर हे बोटीच्या वजनापेक्षा वाऱ्यामुळे जास्त होतं. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 110 ऐवजी 90 ने गेलात तर तो एक तृतीयांशाने कमी होतो. बोटीवरचा उंच टॉवर दुमडून ठेवा आणि फडफडणारं कव्हर नीट ताणून बांधा.

डिझेललाही हा फटका बसतोच, खप चांगलाच वाढतो. पण टाकी काही मिनिटांत भरते, आणि भरताना बोट मागे जोडलेलीच राहते. चार्जरचं तसं नाही. बहुतेक ठिकाणी गाडी नाक पुढे करून लावायची असते, त्यामुळे ट्रेलर वाट अडवतो. मग चाकांखाली उटी (अडसर) लावा, जॅक खाली करा, साखळ्या काढा, तार काढा. चार्ज झालं की तेच सगळं उलट्या क्रमाने. पावसात, अंधारात, मुलं गाडीत कंटाळलेली असताना हे करावं लागेल, हे धरूनच चाला.

खाऱ्या पाण्याबद्दल मी जास्त आग्रही आहे. 2022 च्या इयान चक्रीवादळानंतर फ्लोरिडात समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी नंतर पेट घेतला. बॅटरीत शिरलेलं मीठ वीज वाहून नेतं, आणि शॉर्टसर्किट लगेच होईल असंही नसतं. मागची चाकं रिमपर्यंत भिजणं आणि गाडी बुडणं यात अर्थातच मोठं अंतर आहे. बॅटरी सीलबंद असते. पण टेस्लाच्या सायबरट्रक या विजेच्या पिकअपची 81 सेंटिमीटर किंवा आर1टीची मीटरभराहून जास्त खोली ही पाणी ओलांडून जाण्यासाठी आहे, समुद्रात बोट सुटेपर्यंत उभं राहण्यासाठी नाही. मार्च 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा बंदरात जेट स्की उतरवताना एक सायबरट्रक बुडालाच. रॅम्प उथळ असेल तर ट्रेलरचा दांडा लांबवून घ्या, गाडी खोल नेऊ नका.

डिझेल इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरलं तर इंजिनच बसतं, तेव्हा खोल पाण्यात सुरक्षित कोणीच नाही. विजेच्या गाडीत एक छुपा त्रास मात्र जास्त: मोटरच वेग मोडत असल्याने डिस्क ब्रेक क्वचित लागतात आणि मिठामुळे लवकर गंजतात. गोड्या पाण्याने खालून धुतल्यावर मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा ब्रेक जोरात दाबा.

वजनाचंही बघा. विजेचे पिकअप जड असतात, आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या जोडावर, येतो. गाडीला जेवढं वजन वाहता येतं, त्यातूनच तो वजा होतो.

माझं मत स्पष्ट आहे. पाणी घरापासून 80 किलोमीटरच्या आत आणि घरी चार्जर असेल, तर विजेचा घ्या. लाइटनिंगच्या सॉकेटमधून एकूण 9.6 किलोवॉटपर्यंत वीज घेता येते, काठावर बोटीच्या बॅटऱ्या चार्ज करायला ते फार उपयोगी. दर सुट्टीत नवं तळं शोधत शेकडो किलोमीटर जात असाल, तर आज तरी डिझेलच.

मधल्या अंतरावर असाल तर चाचणीच्या गाडीला स्वतःची बोट जोडा. नेहमीच्या वेगाने 30 किलोमीटर जा आणि त्याच रस्त्याने परत या, म्हणजे वारा दोन्ही बाजूंनी लागेल. समजा 100 किलोमीटरला 60 युनिट पडले. 131 युनिटांची बॅटरी घरून पूर्ण भरून निघालात आणि 10 टक्के उरवून परतायचं, तर 118 युनिट वापरता येतात, म्हणजे जाऊन-येऊन 196 किलोमीटर. तुमचं पाणी 98 किलोमीटरच्या पलीकडे असेल, तर ट्रेलर न सोडता लावता येईल असा चार्जर वाटेत कुठे आहे, हे सही करण्याआधी स्वतः जाऊन बघून या.