एज ऑफ एम्पायर्स फोर: रँक्ड उशिरा आलं, त्यानं काय बिघडलं?

२८ ऑक्टोबर २०२१ ला एज ऑफ एम्पायर्स फोर हा लढायांचा व्हिडिओ गेम पीसीवर आला, तेव्हा त्यात आठ संस्कृती (खेळायला निवडायच्या बाजू) होत्या, चार मोहिमा (एकट्यानं खेळायच्या कथा) होत्या, वन-वी-वनपासून (एकास एक) फोर-वी-फोरपर्यंत (चारास चार) क्विक मॅच, म्हणजे झटपट जुळवलेला ऑनलाइन डाव होता. रँक्ड (जिंकण्या-हरण्यावर गुण आणि हुद्दा ठरणारे डाव) नव्हतं. ते २०२२ च्या सुरुवातीला चाचणी म्हणून आलं, एप्रिलमध्ये पहिला सीझन सुरू झाला आणि टीम रँक्डला जुलै उजाडला. त्या साडेपाच महिन्यांत एवढी आदळआपट झाली, की आता कुठलाही नवा आरटीएस (गाव आणि सैन्य एकाच वेळी चालवायचा रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम) जाहीर झाला की पहिला प्रश्न हाच येतो: लाँचला रँक्ड आहे का?

रँक्डशिवायचा आणि रँक्डसकटचा, असा दोन्ही तऱ्हेनं हा गेम महिनोन्महिने वापरल्यावरचं मत आधीच सांगून टाकतो. नावापुढे ब्राँझ-गोल्डची पाटी नव्हती म्हणून फारसं काही अडलं नाही. अडलं ते भलत्याच गोष्टींनी, आणि त्यांची तक्रार रँक्डच्या गोंगाटात कुणाला ऐकूच गेली नाही.

'रँक्ड' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक म्हणजे जोडी लावणं. तुमचा अंदाजे दर्जा ओळखून त्याच तोलामोलाचा प्रतिस्पर्धी शोधणं. दुसरी म्हणजे तो दर्जा चारचौघांत मिरवता येईल असा दाखवणं. पहिली गोष्ट क्विक मॅचमध्ये पहिल्या दिवसापासून होती. आतल्या आत इलोसारखा, म्हणजे बुद्धिबळातल्या रेटिंगसारखा, आकडा चालूच होता. नव्हती ती दुसरी. आणि गंमत अशी, की लोकांनी तो आतला आकडा खणून काढून त्याचीच लॅडर (क्रमवारीची शिडी) केली. क्विक मॅचच्या आकड्यांवरून कोण पहिला, कोण दहावा याच्या याद्या फिरत होत्या, त्यावर भांडणंही होत होती. चुरस हवी असणारे लोक कंपनीची वाट बघत बसत नाहीत.

मग तो आकडा पहिल्याच दिवशी अधिकृतपणे का दाखवू नये? कारण त्या दिवशी तो खोटा असतो. जरा हिशेब मांडू. इलोत ४०० गुणांचं अंतर म्हणजे वरचा खेळाडू शंभरातले ९१ डाव जिंकणार. २०० चं अंतर असेल तर ७६. लाँचच्या दिवशी सगळे समान रेषेवर, समजा १००० वर, उभे असतात. त्यात वीस वर्षं एज टू (याच मालिकेतला जुना गेम) खेळून हात बसलेला एक गडी आहे, ज्याची खरी जागा १४०० ला आहे. एका डावाला जास्तीत जास्त ३२ गुण फिरणार असतील आणि समोरचा कागदावर बरोबरीचा असेल, तर जिंकल्यावर मिळतात १६. म्हणजे १४०० ला पोचायला ओळीनं २५ विजय. ते २५ विजय म्हणजे २५ माणसांचा चुराडा, आणि त्यातले बरेचसे आयुष्यातला दुसरा-तिसरा डाव खेळत असतात. ग्लिको या दुसऱ्या रेटिंग पद्धतीत हे बरंच सौम्य होतं. तिथे प्रत्येकाच्या आकड्याबरोबर 'हा आकडा किती भरवशाचा' याचंही माप ठेवतात. नवख्याचा भरवसा कमी, म्हणून त्याचे गुण पहिल्या काही डावांत मोठमोठ्या उड्या मारतात आणि तो लवकर आपल्या जागी जातो. पण तिथेही पहिले काही दिवस गोंधळाचेच. आत चाललेला गोंधळ दिसला नाही तर माणूस दोन डाव हरून तिसरा खेळतो. दिसला, आणि वर 'ब्राँझ १' असा शिक्का बसला, तर तिथेच गेम उडवतो.

रेटिंग किती सापेक्ष असतं ते बुद्धिबळवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. नवशिके, वेगानं सुधारणारे खेळाडू कमी आकड्यावर येत राहिले, जुन्यांचे गुण खात राहिले, आणि शेवटी १ मार्च २०२४ ला फिडेला (जागतिक बुद्धिबळ संघटनेला) २००० च्या खालच्या सगळ्यांना हिशेबानं गुण वाढवून द्यावे लागले: २००० शी जेवढं अंतर तेवढ्याच्या ४० टक्के. १२०० वाला एका रात्रीत १५२० चा झाला. कित्येक दशकं चाललेल्या पद्धतीची ही गत, तर कालच जन्मलेल्या गेमच्या लॅडरचं काय घेऊन बसलात!

दुसरं कारण समतोलाचं. एज फोरच्या पहिल्या काही महिन्यांत स्प्रिंगल्ड हे मोठे बाण फेकणारं यंत्र इतकं माजलं होतं, की कॅसल या तिसऱ्या युगानंतरच्या लढाया म्हणजे दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगल्डांनी एकमेकांची स्प्रिंगल्ड फोडत बसायचं. माणसं, घोडे, हत्ती नुसते शोभेला. फ्यूडल या दुसऱ्या युगातच निघणारे फ्रेंचांचे रॉयल नाइट हे घोडेस्वार नवख्यांची गावंच्या गावं साफ करत. आणि आपल्याकडे ज्यांचं हटकून कौतुक झालं ती दिल्ली सल्तनत! कल्पना झकास: संशोधनाला पैसे नाहीत, फक्त वेळ, मशिदीत विद्वान बसवले की तो वेळ कमी होतो. पण सुरुवातीला दिल्लीच्या वाट्याला बगही भरपूर आले. अशा काळात मिळालेला हुद्दा खेळाडूचा नसतो, त्यानं निवडलेल्या संस्कृतीचा असतो. पुढच्या पॅचमध्ये (गेमच्या दुरुस्तीत) त्या संस्कृतीला कात्री लागली की तो आपला हुद्दा हिरावून घेतल्यासारखा तणतणतो, आणि विकासकांवर हवा तो बदल न करण्याचा दबाव येतो. क्विक मॅचमध्ये हीच कात्री निमूटपणे चालली.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की स्टारक्राफ्ट टू या दुसऱ्या आरटीएसमध्ये तर पहिल्या दिवसापासून लॅडर होती. होती. २७ जुलै २०१० ला गेम आला तेव्हा ब्राँझ ते डायमंड अशा लीग तयार होत्या. पण त्याची बीटा (विक्रीआधीची चाचणी) फेब्रुवारीत सुरू झाली होती आणि त्या बीटातही लॅडर होती. म्हणजे विक्रीच्या दिवसाआधी पाच महिने ती तापत होती. मास्टर आणि ग्रँडमास्टर या वरच्या लीग तरीही नंतरच, २०११ मध्ये आल्या. एज फोरची बंद बीटा ऑगस्ट २०२१ मध्ये जेमतेम दीड आठवड्याची आणि सप्टेंबरमधली खुली चाचणी एका वीकेंडची. एवढ्या तालमीवर लॅडर उघडली असती तर लाँचनंतरचा अख्खा हिवाळा हीच बीटा ठरली असती, फक्त पैसे मोजून. तेव्हा लाँचला रँक्ड हवं की नको, हे लाँचआधी रँक्ड किती महिने चाललंय यावर ठरतं. जाहिरातीत ही ओळ कधी सापडत नाही, शोधावी लागते.

रांगेचाही प्रश्न आहे. क्विक मॅचच्या चार रांगा: वन, टू, थ्री, फोर. त्या प्रत्येकीला रँक्ड जोडा, आठ झाल्या. फोर-वी-फोरला एका डावाला आठ माणसं लागतात. भारतात रात्री नऊ ते बारा हा गर्दीचा वेळ. दुपारी तीनला तुमच्या जवळपासच्या पिंगची (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ), तुमच्या दर्जाची आठ माणसं एकाच रांगेत येणं म्हणजे योगायोगच. जोडी लावणारी यंत्रणा मग काय करते? वेळ जाईल तसा दर्जाचा पट्टा रुंद करते. पाच मिनिटांनी समोर येतो तो एकतर निम्म्या गुणांचा किंवा दुप्पट. लोक म्हणतात मॅचमेकिंग भंगार आहे. खरं तर माणसंच नसतात. म्हणून वन-वी-वन आधी आणि टीम तीन महिन्यांनी, हा क्रम बरोबरच होता. यंत्रणेचा पसारा एकदम मांडला नाही, हे या गेमच्या लाँचमधल्या मोजक्या शहाणपणांपैकी एक.

आता खरोखर काय अडलं ते. क्विक मॅचमध्ये नको तो नकाशा वगळता येत नव्हता. घोडदळाची संस्कृती घेऊन बसावं आणि पाण्याचा नकाशा निघावा, हे रोजचं. कीबोर्डच्या कळा मनाजोगत्या बदलण्यावर मर्यादा होत्या. स्वतःचा रंग निवडता येत नव्हता. नकाशे बनवायचा एडिटर एप्रिलपर्यंत नव्हता. कॅमेरा पुरेसा मागे जात नाही, ही ओरड तर कितीतरी दिवस चालली. शिवाय पॅच आला की जुने रिप्ले (झालेला डाव पुन्हा पाहायच्या नोंदी) चालेनात. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे: अशा गेममध्ये रिप्ले म्हणजे व्हिडिओ नसतो. त्यात फक्त कुणी कोणत्या क्षणी काय आज्ञा दिली एवढीच नोंद असते, आणि ती नोंद गेम पुन्हा पहिल्यापासून खेळून दाखवतो. ऑनलाइन डावही याच तत्त्वावर चालतो, म्हणून तर १९९७ च्या पहिल्या एज ऑफ एम्पायर्समध्ये २८.८ केबीपीएसच्या संथ मोडेमवरून शेकडो सैनिक हलवता आले. पण एका भालाईताचं बळ पॅचमध्ये जरासं बदललं, की जुन्या आज्ञा नव्या नियमांत भलतीकडेच जातात आणि रिप्ले कोसळतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं हे पाटी नसण्यापेक्षा कितीतरी महागात पडतं. पॅच यायच्या आत आपले महत्त्वाचे रिप्ले पाहून घ्यावेत, हा एकच इलाज.

रँक्ड आल्यानंतरचा अनुभव सांगायचा तर चांगला आहे, आणि तो उशिरामुळेच चांगला आहे असं वाटतं. सुरुवातीला पाच प्लेसमेंट (पहिला हुद्दा ठरवणारे) डाव. मग ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, काँकरर, प्रत्येकात तीन पायऱ्या. ५०० ला सिल्व्हर, ७०० ला गोल्ड, १००० ला प्लॅटिनम, १२०० ला डायमंड, १४०० ला काँकरर. हे दिसणारे गुण आणि जोडी लावणारा आतला आकडा वेगवेगळे आहेत, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. नवा सीझन लागला की दिसणारे गुण खाली येतात, आतला आकडा मात्र तसाच राहतो. त्यामुळे सीझनच्या सुरुवातीला गोल्डची पाटी लावलेला माणूस मागच्या खेपेचा डायमंड असू शकतो. त्याच्याकडून मार खाल्ला तर 'स्मर्फ' (मुद्दाम खालच्या हुद्द्यावर येऊन खेळणारा) म्हणून ओरडायचं कारण नाही. आतल्या हिशेबानं तुम्ही दोघं तुल्यबळच धरलेले असता. आतला आकडा पाटीपेक्षा वर असेल तर जिंकल्यावर गुण जास्त मिळतात आणि हरल्यावर कमी जातात. पहिले दोन आठवडे गुण भराभर चढतात ते याचमुळे. ती प्रगती नव्हे, थकबाकीची वसुली आहे!

पाटी नसताना आपण सुधारतोय की नाही हे कसं कळणार, असा आक्षेप तेव्हा फार होता. पाटीपेक्षा पक्कं माप गेममध्येच आहे. गावकरी तयार व्हायला २० सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला तीन. सुरुवातीला सहा असतात. एज टूमध्ये युग बदलताना टाउन सेंटर (गावकरी तयार करणारी मुख्य इमारत) अडकून पडतं. इथे गावकरी लँडमार्क (युग बदलायची खास इमारत) बांधतात आणि टाउन सेंटर मोकळं राहतं, त्यामुळे खंड पडायला सबब नाही. एका टाउन सेंटरवर दहाव्या मिनिटाला ३६ गावकरी व्हायला हवेत. रिप्लेत १०:०० वर थांबून मोजा. २९ निघाले, कुणी मारलेही गेले नव्हते, तर सात गावकरी गुणिले २० सेकंद, म्हणजे १४० सेकंद टाउन सेंटर रिकामं बसलं होतं. आता ते कुठे बसलं ते शोधायचं. बहुधा पहिली गफलत पहिल्याच मिनिटात असते: सहा गावकरी आणि एक स्काउट (टेहळ्या) मिळून सात, टाउन सेंटरची सोय दहाची. तीन गावकरी झाले की जागा संपली, आणि ते होतं बरोबर १:०० ला. ५० लाकडांचं पहिलं घर त्याआधी उभं राहिलं पाहिजे. लाकूड हाताशी असतंच, फक्त आठवत नाही. हे माप इंग्लिश किंवा दिल्लीवर तपासावं. मंगोलांना घरंच लागत नाहीत आणि फ्रेंचांचे गावकरी लवकर तयार होतात, त्यामुळे त्यांच्यावर हिशेब जुळणार नाही. वीस-तीस डाव एकच संस्कृती धरून हा आकडा २९ वरून ३४ वर आला, तर तुम्ही सुधारलात. पाटी काहीही म्हणो.

रँक्ड असलं म्हणजे गेम तरतो, हाही गैरसमज. स्टॉर्मगेट हा आरटीएस ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच) सगळ्यांसाठी खुला झाला तेव्हा वन-वी-वन रँक्ड तयार होतं, आणि खेळही हाताला चपळ होता. लोकांनी नाकं मुरडली ती मोहिमेवर आणि दिसण्यावर. ज्यांना लॅडर चढायचीय ते मूठभर. बाकीचे कथा खेळतात, एआयशी लढतात, मित्रांबरोबर चार तास घालवतात. ते टिकले तरच लॅडरला खालून माणसं मिळतात. वरच्या शंभरांना हरवायला कुणीतरी लागतंच की.

नवा आरटीएस पहिल्या आठवड्यात घ्यायचा झाला तर पैसे परत मिळण्याच्या मुदतीत तपासायच्या गोष्टी अशा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ही मुदत १४ दिवस आणि खेळण्याचे दोन तास, म्हणजे मोहिमेत रमून चालणार नाही. आधी कळा बदलून बघा, सगळ्या बदलतात का ते. मग एक क्विक मॅच लावा आणि रांगेत किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघा, संध्याकाळी एकदा आणि दुपारी एकदा. डाव संपल्यावर रिप्ले उघडा, समोरच्याच्या नजरेतून दिसतो का ते पाहा. शेवटी सर्व्हर. एज टूच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये यादीत सेंट्रल इंडिया असतो. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधला हा भाग म्हणजे आपलं पुणं, त्यामुळे महाराष्ट्रातून पिंग सुखाचा मिळतो. नव्या गेमच्या यादीत भारतातलं काहीच नसेल आणि सगळे डाव सिंगापूर किंवा युरोपवर पडत असतील, तर आज्ञा दिल्यावर घोडेस्वार हलायला जो क्षण लागतो तो लॅडरवर कितीही चढलात तरी तेवढाच राहणार आहे.