वीज मोजणारा १६ अँपचा स्मार्ट प्लग: घ्यावा का?

महावितरणचं बिल महिन्यातून एकदा येतं आणि त्यात सगळ्या घराचा मिळून एकच आकडा, गीझरचे किती फ्रीजचे किती काही कळत नाही, मग घरात नुसती वादावादी की लाईट कोण चालू ठेवतं. म्हणून हा घेतला. सॉकेटमध्ये प्लग, प्लगमध्ये गीझरची पिन, वायफायला जोडलं की ॲपवर आत्ता किती वॅट चाललेत आणि आज किती युनिट झाले ते दिसतं.

आमचा गीझर १५ लिटरचा, २००० वॅटचा. २५ डिग्रीचं पाणी ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतात, म्हणजे १८-२० मिनिटं, बस्स. पण आमच्याकडे पहिली आंघोळ सहाला, शेवटची नऊला आणि तोवर बटण चालूच. ग्राफ बघितला तर कोणी नळाला हातही लावलेला नसताना मधेच २००० च्या जवळ उडी आणि परत शून्य, टाकी थोडी निवली की तो आपला परत तापवतोय! आईला फोनवर हे दाखवलं, दुसऱ्या दिवसापासून तिने सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ लावून दिल्या. बिल बघून हे कधीच झालं नसतं, कारण बिल येईपर्यंत त्या सकाळचं कोणाला काय आठवणार.

छोटा १० अँपवाला टीव्हीपाशी लावलाय. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी १० वॅट चालूच, दिवसरात्र धरलं तर महिन्याला ७ युनिट फुकट. आता झोपताना मेन बटणच बंद. (या छोट्यावर गीझर अजिबात लावू नका.)

आता खटकलेलं. ॲपमध्ये युनिटचा एकच दर टाकता येतो, आपल्याकडे १०० युनिटच्या वर गेलं की पुढचा दर चांगलाच वाढतो, त्यामुळे रुपयाचा आकडा सोडून द्या, युनिटच बघा. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच चालतं, ५ वालं पकडत नाही. आणि सीलिंग फॅनचं काय करणार, त्याला पिनच नाही, खरं तर ७५ वॅटचा जुना फॅन आणि ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा फॅन) यातला फरक घरच्यांना असाच समोर दाखवायला पाहिजे होता.

तरी माझ्याकडून पाचपैकी चार. प्रत्येक वस्तूला वेगळा घ्यायची गरज नाही, एकच घ्या आणि आठवडाभर इथे, आठवडाभर तिथे फिरवा. फक्त गीझरचं सॉकेट जुनं, सैल असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, तिथून ८-९ अँप करंट जातो, सैल पिन तापते.