तालांव भरून टाकायचा की लढायचा?

चूक नसताना तालांव, म्हणजे वाहतुकीच्या दंडाचं चलन, मिळाला की घरातून, शेजारून, ऑफिसातून एकच सल्ला येतो: भर आणि मोकळा हो, पाचशे रुपयांसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? पुष्कळदा हा सल्ला बरोबरही असतो. पण तो देणाऱ्यांना सहसा एक गोष्ट ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली दंड भरून प्रकरण मिटवलं, तरी तो गुन्हा तुमच्या नावावर 'आधीचा गुन्हा' म्हणून मोजला जातो. २०१९ च्या दुरुस्तीत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढच्या वेळी तोच गुन्हा लागला की दंड दुसऱ्या वेळेच्या दरानं. कलम १७७ खालचे ५०० रुपये तेव्हा १५०० होतात. गोव्यात हे वाढीव दर एप्रिल २०२२ पासून लागू झाले, आणि तेव्हापासून 'भर आणि विसर' हा हिशेब पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही.

म्हणून पैसे भरायचं बटण दाबण्याआधी थोडं थांबा. एकदा भरलं की प्रकरण मिटलं असं धरलं जातं. मग 'मी भरले, पण मला मान्य नव्हतं' हे कुणी ऐकत नाही. आणि चलनाचा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या एपीके फाईलसह आला असेल तर ती उघडूच नका, ती फसवणूक असते. परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका आणि चलन खरंच आहे का ते बघा.

भांडण नेमकं कशाशी आहे?

तुमच्यापुढे वाटा चार: भरणं, पोर्टलवर किंवा वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार, कोर्ट आणि लोकअदालत. कुठली धरायची हे दंडाच्या रकमेवरून ठरवणारे लोक मी खूप पाहिले. माझ्या मते ते नंतर बघावं. आधी बघायचं ते हे की तुम्ही काय नाकारताय. 'ती गाडी माझी नव्हेच', 'गाडी माझी, पण मी तसं केलंच नाही', आणि 'केलं, पण तिथं पाटीच नव्हती'. ही तीन वेगळी भांडणं आहेत, आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

पहिलं सगळ्यात सोपं. माझ्या मामांच्या नावावर मडगावातला एक तालांव आला. मामा म्हापशाचे, गाडी जीए-०३ ची, आणि त्या दिवशी ती दारातून हललेलीही नव्हती. चलनावरचा फोटो मोठा करून पाहिला तर पाटीवर जीए-०८ होतं. पुढची अक्षरं नि आकडे तेच, गाडीचा रंगही पांढराच. इंग्रजी तीन आणि आठ, त्यात पाटीवर धूळ, की नंबर टाकणाऱ्याचा घोळ व्हायला वेळ लागत नाही. त्या फोटोतल्या गाडीच्या टपावर सामानाची जाळी होती, मामांच्या गाडीला ती कधीच नव्हती. आम्ही आरसी, मामांच्या गाडीचे पुढून-मागून फोटो आणि चलनातला फोटो शेजारी शेजारी लावून तक्रार दिली. चलन रद्द झालं.

अशा प्रकरणात कोर्टात जाणं म्हणजे वेळेची नासाडी. तक्रार फुकट असते, घरबसल्या होते, आणि चूक कागदावर दिसण्यासारखी असली की समोरच्यालाही ती मान्य करणं सोपं जातं. कागदपत्रं नसल्याचा तालांवही याच गटातला. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचा परवाना, आरसी, विमा केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे चालतो. फोनमध्ये दाखवूनही दंड लागला असेल तर त्या दिवशी विमा आणि पीयूसी वैध होते याचा पुरावा जोडून आधी तक्रारच करा. पीयूसीचा दंड दहा हजारांपर्यंत जातो, त्यामुळे हा कंटाळा परवडणारा नव्हे.

कॅमेऱ्याचा तालांव आणि पोलिसाचा तालांव

दुसरं भांडण, 'मी केलंच नाही', तिथं आरोप कुणी केला यावर बरंच काही अवलंबून असतं.

पणजीजवळच्या मेरशी जंक्शनवर २०२३ मध्ये कॅमेऱ्याचा सिग्नल सुरू झाला, तेव्हापासून घरी बसून तालांव मिळण्याची सवय आपल्याला लागते आहे. कॅमेऱ्याशी वाद घालता येत नाही असा समज आहे, तो चुकीचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. त्यात यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नव्यानं घ्यावं लागतं, आणि कॅमेऱ्याची नजर आहे हे सांगणारी पाटी रस्त्यावर आधी लावावी लागते, असं म्हटलं आहे. चलनावर गुन्हा आणि नंबरपाटी दोन्ही दिसतील असा फोटो, तारीख, वेळ, जागा, कलम हे सगळं हवं. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायची असंही त्यात लिहिलेलं आहे. चलन हातात घेऊन यातलं काय आहे नि काय नाही ते एकेक करून तपासा. फोटोत नंबरपाटी दिसते पण सिग्नल दिसतच नाही, किंवा गाडी थांबण्याच्या रेषेच्या अलीकडेच आहे, असं असेल तर तुमच्या बाजूनं बोलायला भरपूर आहे. हे तक्रारीत लिहा. तक्रार फेटाळली गेली तर हेच मुद्दे कोर्टात वापरता येतात, म्हणून तक्रारीची प्रत नि पोच जपून ठेवा.

पोलिसानं रस्त्यात थांबवून दिलेल्या तालांवात फोटो असेलच असं नाही. तिथं त्याचा शब्द आणि तुमचा शब्द. पोर्टलवरच्या तक्रारीचा इथं फारसा उपयोग होत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. तक्रार वाचणारा अधिकारी त्याच खात्यातला असतो आणि सहकाऱ्याचा शब्द बाजूला ठेवायला त्याच्यापुढे काही नसतं. अशा वेळी निवड खरं तर दोनच गोष्टींत: भरणं किंवा कोर्ट.

कोर्टाची बाजू वाटते तितकी लंगडी नसते. वेगाच्या गुन्ह्यात कलम १८३ सांगतं की एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा करता येत नाही, तो अंदाज यंत्राच्या आधारानं हवा. 'फार जोरात आला' एवढं पुरत नाही. वेग आणि धोकादायक ड्रायव्हिंग, म्हणजे कलम १८३ आणि १८४, या दोन्हींसाठी कलम २०९ ची अटही आहे. खटला होऊ शकतो असं त्याच वेळी सांगितलेलं हवं, नाहीतर चौदा दिवसांत नोटीस पाठवलेली हवी, नाहीतर अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेलं हवं. याला अपवाद आहेत, तरी तारखा मोजून ठेवा. सिग्नल तोडणं आणि गाडी चालवताना हातात फोन धरणं आता १८४ मध्येच येतं, त्यामुळे ही अट बऱ्याच जणांच्या कामाची आहे.

तिसऱ्या भांडणात, पाटी नव्हती किंवा दिसत नव्हती, सगळं त्याच दिवशी ठरतं. पर्वरीत उन्नत मार्गाच्या कामामुळे वळणं बदलत राहिली. काल चालणारा रस्ता आज बंद, आणि पाटी कुठल्या तरी पिंपामागे. अशा जागी तालांव मिळाला तर गाडी बाजूला लावा आणि चालत मागे जा. ज्या दिशेनं आलात त्या दिशेनं चालकाला दिसतं तसा फोटो काढा, लोकेशन आणि वेळ चालू ठेवून. आठवड्यानं गेलात तर तिथं नवीकोरी पाटी उभी असेल आणि तुमचं म्हणणं हवेत विरेल. फोटो असेल तर आधी तक्रार. नसेल आणि दंड पाचशेचा असेल, तर मी भरायलाच सांगेन.

कोर्टात गेल्यावर

रस्त्यातच पैसे भरण्याची सक्ती नसते. कलम २०० खाली मिटवणं ही सोय आहे, ती घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवता. 'इथं भरत नाही, कोर्टात पाठवा' असं शांतपणे सांगा आणि कुठलं कलम लावलं ते विचारून घ्या. परवाना ठेवून घेतला तर पोचपावती मागा. समन्स चुकवाल या संशयावरून परवाना घेतला असेल तर पावतीवरच्या मुदतीपर्यंत ती दाखवून गाडी चालवता येते, पण वेग, १८४ किंवा हेल्मेटसारख्या गुन्ह्यात निलंबनासाठी घेतला असेल तर कलम २०६(४) प्रमाणे त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. आवाज चढवू नका. तिथं चढलेला आवाज पुढे दुसरंच कलम घेऊन येतो.

गुन्हा जिथं घडला म्हणतात त्या भागाच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रकरण जातं. पेडण्याचा माणूस मडगावात अडकला तर तारखा मडगावला. ही पहिली किंमत, आणि माझ्या मते दंडापेक्षा मोठी. पहिल्या तारखेला आरोप वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का विचारतात. इथं अनेकांची गडबड होते. वकील नाही, गर्दी आहे, मागचा माणूस ढकलतोय, आणि तोंडातून 'हो' निघून जातं. मग लढाई तिथंच संपते. वर न्यायाधीश कायद्याच्या चौकटीत दंड ठरवतात, जो रस्त्यावरच्या ठरलेल्या रकमेपेक्षा जास्तही असू शकतो. १८४ खाली पहिल्याच वेळी एक हजार ते पाच हजार दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. 'कबूल नाही' म्हटलं की गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. पोलिसाला साक्षीला यावं लागतं, आणि तुम्ही किंवा तुमचा वकील त्याला प्रश्न विचारता. कॅमेऱ्याचा पुरावा असेल तर त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आहे का, हा पहिला प्रश्न.

वकिलाची फी पाचशेच्या दंडाशी ताडली तर हिशेब कधीच जमणार नाही. पण बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना आणि उत्पन्नाच्या मर्यादेखालच्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. बायकांना उत्पन्नाची अट नाही. हे आपल्याकडे फार थोड्या घरांत ठाऊक आहे.

लोकअदालतीबद्दल मोठा गैरसमज आहे. तिथं तडजोड होते. तुम्ही निर्दोष होता की नाही हे तिथं कुणी तपासत नाही, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नाही. चलनं साचली आहेत, चुका खऱ्या आहेत आणि एकदाचं मिटवायचं आहे, त्यांच्यासाठी ती चांगली. अन्याय झालाय म्हणणाऱ्यानं तिथं जाऊ नये.

आणि काहीच न करणं? चलन सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर दिसत राहतं आणि गाडी विकायच्या दिवशी समोर उभं राहतं. लढायचं असेल तर चलनावर छापलेल्या मुदतीच्या आत लढा.

ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांनी

पायलट (मोटारसायकलवरून भाडं मारणारे), टॅक्सीवाले, डिलिव्हरी करणारी मुलं यांना मी वेगळं सांगतो. दंडाचा आकडा बघू नका, परवान्याला काय होतं ते बघा. हेल्मेटचा दंड एक हजार, पण कलम १९४ड मध्ये तीन महिने परवान्यासाठी अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर घर चालवणाऱ्याला तीन महिने म्हणजे मुलांची फी, घरभाडं, सगळं. हेल्मेट खरंच डोक्यावर होतं, मागचा प्रवासी साक्ष द्यायला तयार आहे किंवा वाटेतल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसतंय, तर ही लढाई लढण्यासारखी आहे. दुकानदाराकडे त्याच संध्याकाळी जा, जुनं चित्रण फार दिवस राहत नाही. वाहतूक खात्याकडून परवाना निलंबनाची नोटीस आली तर तो विषय तालांवापेक्षा वेगळा. कलम १९ प्रमाणे तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि आदेश आला तर तीस दिवसांत अपील करता येतं. नोटिशीला उत्तरच न देणं ही मी पाहिलेली सगळ्यात महाग चूक आहे. ज्यांनी नंतर हात जोडून फेऱ्या मारल्या त्यांच्यातले अर्धेअधिक एका पानाच्या उत्तरानं वाचले असते.

रेंट-अ-बाईकवाल्यांची अडचण निराळी. गाडी पर्यटकानं चालवली, तालांव मालकाच्या नावावर. दुचाकीला बंदी असलेल्या पणजीच्या अटल सेतूवर बाहेरचा माणूस सरळ चढतो आणि चलन पेडण्याच्या, कळंगुटच्या दुकानात येतं. कलम १३३ प्रमाणे चालक कोण होता हे विचारल्यावर सांगणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि तेच त्याच्या बचावाचंही साधन. भाड्याच्या करारावर तारखेसोबत वेळ लिहा, परवान्याचा फोटो ठेवा, गाडी घेतानाची सही घ्या. हे असलं की तक्रार पुरते. नसलं तर कोर्टातही हात रिकामेच.

गाडी विकली पण नाव बदललं नाही, अशांचंही तसंच. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं असतं. नोंदणी तुमच्या नावावर आहे तोवर सूचना तुम्हालाच येणार. तेव्हा तालांवाशी भांडण्याआधी नाव बदलून घ्या, मग विक्रीची पावती जोडून तक्रार करा.